वाऱ्याच्या खालच्या अंगाला

"कोणाकोणाचं घर अजून मातीचं आहे? हात वर करा."

सरांनी हा प्रश्न सेवाग्रामच्या आश्रमात विचारला, एका कुटीच्या अंगणात उभं राहून. समोर आमचा वर्ग. आर्किटेक्चरचं दुसरं वर्ष. वर्ध्याच्या प्रसिद्ध वास्तू एका दिवसात बघायच्या म्हणून आम्ही नागपूरहून सकाळी बसनं निघालो होतो. गळ्यात कॅमेरे, हातात स्केचबुकं. कोणीच हात वर केला नाही. मागून ऋत्विक म्हणाला, "सर, हे हडप्पावाल्यांना विचारा." सगळे हसले. मीही हसले.

मग सर माझ्याकडे वळले.

"अगं, तू तर इकडचीच. आंजीकडची ना? तुझं घर कसलं आहे?"

सगळ्या माना वळल्या. तोंडांवर अजून आधीचंच हसू होतं. मला खोटं बोलता आलं असतं. पण सर आमच्या वर्गाचे प्रमुख, त्यांना माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच विचारलं. मी हात वर केला. पूर्ण नाही. कानापर्यंत.

"मातीचं," मी म्हटलं. आवाज नीट फुटलाच नाही. पुन्हा म्हणावं लागलं. "मातीचं आहे, सर."

"आणि छप्पर?"

"कवेलूंचं."

"बघा!" सरांनी टाळी वाजवली. "आपण पुस्तकात जे शोधत बसतो ते हिच्या घरी आहे. आणि ही बाई गप्प!"

पुन्हा हसू. या वेळचं हसू वाईट नव्हतं. प्रेमळच म्हणा. पण माझ्या कानांच्या पाळ्या जळत होत्या.

शेजारी सानिका उभी होती. माझी हॉस्टेलमधली रूममेट. चांगली मुलगी. तिचे रंग मी वापरायचे, तिच्या घरून डबा आला की अर्धा माझा. पहिल्या वर्षी तिनं विचारलं होतं, तुझं घर कसं आहे गं? मी म्हटलं होतं, गावाकडे आहे. ती म्हणाली, म्हणजे फार्महाऊससारखं? मी म्हटलं, हो, तसंच. त्यानंतर तिनं पुन्हा विचारलं नाही आणि मी पुन्हा सांगितलं नाही. आता ती माझ्याकडे बघत होती. "यार, सांगायचं ना," एवढंच म्हणाली.

ती कुटी सुंदर होती. हे मी आजही म्हणते. जाड भिंती, आत गारवा, बांबूचा मांडव, दाराशी पडलेलं कोवळं ऊन. सर म्हणाले, या साधेपणात केवढी श्रीमंती आहे बघा. मी वहीत लिहून घेतलं. लिहिताना मनात आलं, इथं राहायला जे आले ते मनानं आले. मोठी घरं सोडून आले. आम्हाला सोडायला काही नव्हतं. तेवढं मात्र मी वहीत लिहिलं नाही.

बाहेर पडताना सरांनी मला बाजूला बोलावलं. बाजूला म्हणजे, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या बाजूला.

"तुझं गाव वर्ध्याहून किती वेळ? अर्धा तास? मग दुपारी आपण तिकडेच जाऊ. लाइव्ह केस स्टडी. मुलांना खरं काहीतरी बघू दे."

"सर, घरी कोणी नसतं दिवसा."

"मग फोन कर ना. बोलावून घे."

मी मायला फोन लावला. ती कापूस वेचायला गेली होती. मागून बायांचा गलका येत होता.

"माय, आमचे सर अन् पोरं घर पाहाले येतो म्हणून राह्यले."

"कोनतं घर?"

"आपलं."

ती थांबली. मग तिच्या आवाजाला हसू फुटलं. "आपलं? कॉलेजचे लोक आपलं घर पाहाले येऊन राह्यले?"

"तू वावरात असशीन तर राहू दे. मी सांगते त्यायले, घरी कोनी नाई म्हणून."

"काऊन राहू दे? आत्ता निंगते मी. जेवतीन का चाय मांडू? दूध आनाव लागीन. आंगन बी सारवलं नाई व आज."

"माय, नको ना," मी अगदी हळू म्हटलं. तिला ऐकू गेलं की नाही माहीत नाही. फोनवर तिनं बाजूच्या बाईला सांगितलेलं मला ऐकू आलं, "पोरीचे सर येऊन राह्यले घरी." ते सांगताना तिचा आवाज कसा झाला होता, ते मला लिहिता येत नाही.

सर समोर उभे होते. अंगठा वर करून विचारत होते, झालं? मी मान हलवली.

मग आम्ही वर्ध्याच्या पांढऱ्या स्तूपाकडे गेलो. लांबूनच दिसतो तो, दुधासारखा. चारी दिशांना बुद्धाच्या सोनेरी मूर्ती. सर घुमटाचं गणित सांगत होते, वजन कसं खाली उतरतं, गोल का. मुलं फोटो काढत होती.

लहानपणी बाबा मला सायकलवर बसवून इथं आणायचे. चपला खाली काढायच्या, पायऱ्या चढायच्या, मूर्तीसमोर हात जोडून उभं राहायचं, मग फिरायचं. आमच्या घरात हे असं आहे. शिकवावं लागत नाही. मी पायऱ्या चढून वर गेले आणि मूर्तीसमोर आले तर माझे हात आपोआप वर निघाले. छातीपर्यंत आले. तेवढ्यात मला दिसलं, सानिका आणि दुसऱ्या दोघी माझ्याकडेच बघत होत्या.

मी हात तसेच वर नेले आणि केस बांधायला लागले. केस बांधलेलेच होते. सोडले आणि पुन्हा बांधले.

त्या दिवशी पुढं जे घडलं त्याची लाज मला वाटते, पण ती लाज दुसऱ्या कोणी आणलेली होती. ही माझी मी केली. बुद्धासमोर उभं राहून मी केस बांधले.

सानिका जवळ आली. "तुम्ही लोक मानता ना हे?" तिनं विचारलं. सहज विचारलं. कोणी विचारावं, तुम्ही लोक वांगं खाता ना, तसं.

"आम्ही म्हणजे?" मी म्हटलं.

"काही नाही गं. असंच."

खाली उतरून आम्ही बसमध्ये बसलो. बस आर्वी रोडला लागली. बाहेर कापूस फुटलेला. रस्त्याकडेला बाया वेचत होत्या, कमरेला ओटी बांधून. ऋत्विक खिडकीतून फोटो काढत म्हणाला, "सही फ्रेम आहे." मी डोकं खाली घातलं. त्यातली एखादी माझी काकू असू शकत होती, मावशी असू शकत होती. मी बघितलंच नाही.

आमचं गाव आंजीच्या जरा अलीकडे, फाट्यावरून आत. सरांनी बस ग्रामपंचायतीपाशी थांबवली आणि म्हणाले, इथून चालत जायचं. गाव वाचत वाचत. मग ते पुढं आणि आम्ही मागं. मंदिर, मंदिरासमोरचा पार, पाराभोवती मोठी घरं. सर समजावत होते, मोकळी जागा मध्ये आणि महत्त्वाची घरं तिच्याभोवती. एका ओट्यावर दोन म्हातारे बसले होते. एकानं मला ओळखलं. "ह्या कोन लोकायले घेऊन आली व पोरी?" मी म्हटलं, "कॉलेजचे सर हायेत जी." ते म्हणाले, "मंग तिकडं कुठं नेऊन राह्यली? इकडं बसव ना. चांगली घरं इकडं हायेत."

मला वाटतं त्यांना वाईट बोलायचं नव्हतं.

मोठ्या घरांनंतर लहान घरं, मग उकिरडे, मग नाला. नाल्यावर छोटा पूल आणि पुलापलीकडे आमची वस्ती. सर पुलावर थांबले. कंपास काढला. फोनवर काहीतरी बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता. शिकवण्यातला खरा आनंद. तो खोटा नव्हता, हे सांगितलं पाहिजे.

"इकडे या सगळे. आता नीट बघा. मुख्य गाव पश्चिमेला, उंचावर. ही वस्ती पूर्वेला, उताराला. वर्षातला बराच काळ वारा कुठून कुठे वाहतो? पश्चिमेकडून पूर्वेकडे. म्हणजे ही वस्ती वाऱ्याच्या खालच्या अंगाला. इथला धूर, इथला वास गावावर जात नाही. पाणीसुद्धा गावाकडून इकडे उतरतं. कोणी आर्किटेक्ट नव्हता, कोणी प्लॅनर नव्हता. पण काय विचार केला होता! याला म्हणतात परंपरेचं शहाणपण. लिहून घ्या."

सगळे लिहून घेत होते.

मीही लिहून घेतलं. माझ्या हातानं, माझ्या अक्षरात, माझ्याच पुलावर उभं राहून मी लिहिलं: वस्ती वाऱ्याच्या खालच्या अंगाला. परंपरेचं शहाणपण. त्याखाली रेघ मारली. रेघ मारून झाल्यावर पेन तिथंच राहिला.

आमच्या आज्यानं बाबांना सांगितलेलं, बाबांनी मला सांगितलेलं. आपल्या अंगावरून गेलेला वारा गावाले लागू नये. आपली सावली गावावर पडू नये. आपण वापरलेलं पाणी त्यायच्याकडं वाहत जाऊ नये. म्हणून आपण इकडं. लहान असताना मी बाबांना विचारलं होतं, आपलं घर शाळेपासून एवढं दूर काऊन? तेव्हा त्यांनी सांगितलं होतं. रागानं नाही. सायकलची चेन बसवता बसवता. आणि इथं तीच गोष्ट सर सांगत होते. दिशा तीच, उतार तोच. वाराही तोच. फक्त कोणी ठेवलं आणि कोणाला ठेवलं, एवढं गाळून.

मी वही मिटली आणि सगळ्यांच्या मागून घराकडे चालू लागले.

घरासमोर मायनं अंगण सारवून ठेवलं होतं. अजून ओलं होतं. शेजारच्या घरांतून खुर्च्या आणून मांडल्या होत्या. माय भाऊबीजेची साडी नेसून दारात उभी होती, डोक्यावरून पदर, केस ओले. तिनं सगळ्यांना हात जोडले. "या जी, या. बसा."

सर सरळ चालत आले. बूट घालून, त्या ओल्या अंगणावरून. पाठोपाठ सगळा वर्ग. ओल्या शेणावर बुटांचे ठसे उमटत गेले आणि माय ते ठसे बघत होती. पण तिचं हसू गेलं नाही.

"वा," सर भिंतीवर हात फिरवत म्हणाले. "हे खरं आर्किटेक्चर."

मग सगळे घरभर झाले. आमचं घर म्हणजे पुढं छपरी, आत एक खोली, मागं स्वयंपाकाचा आडोसा. टेप काढले. कोणी बाजेवर चढून छताची उंची मोजली. कोणी मडक्यावरचं झाकण उचलून आत बघितलं. दोरीवर वाळत घातलेले कपडे बाजूला सरकवले, फोटोत येत होते म्हणून. त्यात माझी जुनी सलवार होती. कोणीतरी दुसऱ्याच्या कानात काही बोललं आणि ते हसले. कशाला हसले मला माहीत नाही. त्या घरात मी जन्मले आणि मी भिंतीला टेकून उभी होते, पाहुण्यासारखी. एका मुलीनं मला विचारलं, "बाथरूम कुठे आहे?" मी मागं दाखवलं. ती गेली, पडदा बाजूला करून बघितला आणि तशीच परत आली. "मी नागपूरला जाईन," ती म्हणाली.

मायनं चहा आणला. गंजभर केला होता. ट्रेमध्ये कप, त्यातले काही शेजारचे. ती एकेकासमोर जात होती.

"नको काकू, मी घेत नाही."

"आत्ताच घेतला."

"ऊन आहे ना."

दोघातिघांनी घेतला. एकानं घेऊन भिंतीशी ठेवला. सर म्हणाले, "मी बाहेरचं टाळतो हो ताई, पोटाचा त्रास आहे." आश्रमाच्या फाटकाबाहेरच्या टपरीवर सकाळी त्यांनी भजी खाल्ली होती. सानिकानं कप हातात घेतला, ओठाला लावला, माझ्याकडे बघितलं आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. माय ट्रे घेऊन उभी. कप भरलेले. तिला अजून वाटत होतं, कोणीतरी घेईल.

"ताई," सर म्हणाले, "एक काम कराल? जरा पुन्हा सारवून दाखवता? एवढाच तुकडा. मुलांना प्रक्रिया कळू दे."

माय माझ्याकडे न बघता म्हणाली, "हो जी." ट्रे ठेवला. साडी खोचली. शेणाची बादली घेऊन बसली. मुलं गोल करून उभी राहिली, फोन काढून. तिचा हात फिरायला लागला, अर्धगोल, पुन्हा अर्धगोल. कोणी म्हणालं, "काकू, थोडं हळू." कोणी म्हणालं, "पदर मागे घ्या ना, हात दिसत नाहीये." ती प्रत्येक वेळी म्हणायची, "हो बापा." एकदा तिनं वर बघून हसायचा प्रयत्न केला, तर ऋत्विक म्हणाला, "हसू नका काकू. नॅचरल राहा."

ती हसायची थांबली.

"तुम्ही भाग्यवान आहात ताई," सर म्हणाले. "हे घर पाडू नका बरं का. स्लॅब-बिब टाकू नका. हे जपा."

"नाई जी," माय हात न थांबवता म्हणाली, "घरकुल मंजूर झालं का पाडतो ना आमी. पान्याची ही भित फुगते. मांगल्या साली रातभर पोरीचे बाबा भितीले टेकू देऊन उभे होते."

सर मुलांकडे वळून हसले. "ऐकलंत? हीच चूक होते. यांच्याकडे सोनं आहे आणि यांना सिमेंट हवंय."

माय मान खाली घालून सारवत राहिली. तिला कळलं नाही तिनं काय चूक केली ते.

तेवढ्यात ऋत्विक छपरीतून म्हणाला, "सर, ही भिंत मस्त आहे, पण त्या तसबिरी मध्ये येतायत. काढल्या तर फ्रेम क्लीन होईल."

भिंतीवर दोन तसबिरी. एक बुद्धाची. दुसरी निळ्या कोटातली. कोणाची ते आमच्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. दोन्हींना मायनं त्या दिवशी ताजी फुलं वाहिली होती. एवढ्या घाईत, वावरातून पळत येऊन, सारवून, आंघोळ करून, दूध आणून, तिनं फुलंही वाहिली होती.

"हो, काढून ठेवू दोन मिनिटं," सर म्हणाले. "ताई, चालेल ना? फक्त फोटोपुरतं."

मायचा हात सारवता सारवता थांबला. तिनं वर बघितलं. तसबिरींकडे नाही. माझ्याकडे. त्या नजरेत राग नव्हता. ती विचारत होती. शिकलेली तू आहेस, ही तुझी माणसं आहेत, हे असंच असतं का? असं असेल तर मी काढते.

तिनं शेणाचे हात साडीला पुसले. त्या साडीला. आणि उठायला लागली.

"थांब माय."

माझाच आवाज होता. मोठा आला. सगळे वळले, सकाळसारखेच.

"तसबिरी निघणार नाई, सर."

"अगं, एक मिनिटाचं काम आहे. कोणी अपमान करत नाहीये."

"निघणार नाई. अन् माय आता सारवणार पण नाई. उठ माय."

दीड वर्षात कॉलेजच्या कोणासमोर माझ्या तोंडून नाई निघालं नव्हतं. नेहमी नाही निघायचं, मी तशी काळजी घ्यायचे. त्या दिवशी ते निघालं आणि मी ते परत घेतलं नाही.

"तू अपसेट आहेस," सर शांतपणे म्हणाले. "आपण नंतर बोलू."

"सर, पुलावर तुम्ही सांगितलं ते चूक आहे. वारा पाहून आम्ही इथं राहाले आलो नाई. आमच्या अंगावरचा वारा गावाले लागू नये म्हणून आम्हाले इथं ठेवलं. उतारावर ठेवलं, कारण आमचं पाणी वर जाऊ नये. ते शहाणपण आमचं नाई. आमच्यावर चालवलेलं आहे."

सरांचा चेहरा लाल झाला. मग ते हळू आवाजात म्हणाले, "हे बघ, विषय आर्किटेक्चरचा चाललाय. त्यात ते आणू नकोस."

ते.

मी जातीचं नावसुद्धा घेतलं नव्हतं. ते म्हणजे काय, हे त्यांना न सांगता माहीत होतं. पुलावरही माहीत होतं. कंपास हातात घेऊन, वाऱ्याची दिशा सांगताना, पूर्ण माहीत होतं. दुपारपासून मला वाटत होतं की या माणसाला कोणी सांगितलं नसेल. त्या एका शब्दानं ते संपलं.

"ते इथंच आहे, सर," मी म्हटलं. "तुम्ही त्याच्यावर उभे आहात."

सरांनी घड्याळ बघितलं. मुलांना म्हणाले, चला. टेप गुंडाळले गेले. कोणी मायला "थँक यू काकू" म्हणालं, कोणी न बोलता गेलं. जाताना सर मला म्हणाले, "बस सुटते आहे. यायचं असेल तर ये." सानिका दारापाशी थांबली. "तू उगाच सीन केलास," ती म्हणाली. "काकूंना तर आवडलं होतं आम्ही आलेलो."

ते खरं होतं. म्हणून जास्त लागलं.

मी गेले नाही. बस फाट्याकडे गेल्याचा आवाज आला. माय कप गोळा करत होती. भरलेला एकेक कप मोरीत ओतत होती.

"तुले लाज वाटते ना आमची?" तिनं पाठमोरीच विचारलं.

"नाई माय."

"फोनवरच समजलं होतं मले. घरी कोनी नाई, सांगते म्हने. मी होती ना. मी कोनी नाई?"

ती कप विसळत राहिली.

"मले वाटलं, पोरीच्या कॉलेजचे लोक येऊन राह्यले. पोरीचा मान हाय. म्हणून सारं केलं. मले काय हौस हाय का लोकायसमोर शेनात हात घालाची?"

"वाटत होती लाज," मी म्हटलं. "सकाळपासून वाटून राह्यली होती. घराची. तुयी बी. त्यायनं तसबिरी काढा म्हटलं अन् तू उठाले लागली, तवा समजलं मले. ज्यायनं आपल्याले इथं ठेवलं त्यायले नाई वाटत लाज. तो सर आंगनात बूट घालून फिरला, त्याले नाई वाटली. अन् मीच काऊन मान खाली घालून फिरू?"

मायनं मला जवळ घेतलं नाही. ती तशी नाही. तिनं साडीचा पदर पुढं घेऊन शेणाचा डाग बघितला. नखानं खरवडला. "निंगत नाई वाटते हे," ती म्हणाली. मग म्हणाली, "सरायले असं बोलली ते बरं केलं का वाईट, मले नाई समजत. पन शिक्षन सोडून येजो नको घरी. ते मी आयकनार नाई."

दुसऱ्या दिवशी मी एसटीनं नागपूरला गेले.

आठवडाभरात सानिकानं एक फोटो टाकला. शेणात बुडालेले हात, बाकी काही नाही. खाली बदामांची रांग, किती सुंदर, किती अस्सल. मी तिला म्हटलं, काढ तो. ती म्हणाली, "चेहरा कुठे आहे यार त्यात? फक्त हात आहेत."

"हात कोणाचे आहेत?"

तिनं फोटो काढला. पुढच्या महिन्यात रूमही बदलली. अभ्यास होत नाही असं कारण सांगितलं.

मग सहलीवरच्या ड्रॉइंगशीट द्यायच्या होत्या. सगळ्यांनी आमच्या गावाचा नकाशा काढला. सगळ्यांनी वाऱ्याचा बाण काढला आणि वस्तीशेजारी पर्यावरणपूरक रचना असं लिहिलं. मीही नकाशा काढला. मंदिर, पार, मोठी घरं, नाला, पूल. वाऱ्याचा बाणही काढला. वस्तीशेजारी लिहिलं: ही जागा इथं राहणाऱ्यांनी निवडलेली नाही. त्यांना जातीमुळे इथं ठेवण्यात आलं.

सरांनी केबिनमध्ये बोलावलं. "काम चांगलं आहे. लाइनवर्क वर्गात सगळ्यात चांगलं आहे. एवढी ओळ खोड आणि आणून दे."

"काऊन, सर?"

"शीटवर मतं लिहायची नसतात."

"पर्यावरणपूरक हे मत नाई का?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला. थकल्यासारखे दिसत होते. "मी तुझ्या भल्याचं सांगतोय. तुझ्यासारख्या मुलींनी पुढं यावं असं मलाही वाटतं. पण असं चिडून काही मिळत नाही."

मी चिडलेली नव्हते. त्या केबिनमध्ये मी जितकी शांत होते तितकी त्या कॉलेजात कधीच नव्हते. मी शीट उचलली, गुंडाळी केली आणि जशी होती तशी सबमिशनच्या गठ्ठ्यावर नेऊन ठेवली.

त्या विषयात मी नापास झाले. वर्गात एकटी.

निकाल बघून मी हॉस्टेलवर आले. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. लाज शोधली. ती अजून होती. आजही आहे, कुठं कुठं चिकटलेली. कोणी घर विचारलं की कानांच्या पाळ्या अजून तापतात. ती एका दिवसात जाणार नाही, मला माहीत आहे. पण ती वाटत असतानाच मी सांगते. मातीचं आहे. नाल्यापलीकडे आहे. का आहे तेही सांगते, समोरच्यानं विचारलं नाही तरी.

हा विषय पुन्हा द्यायचा आहे. तपासणारे सरच आहेत. गाव निवडायची मोकळीक आहे. मी तेच गाव घेणार. तोच नकाशा, त्याच जागी तीच ओळ. पुन्हा नापास केलं तर पुन्हा देणार. ही डिग्री मी घेतल्याशिवाय राहणार नाही आणि ती ओळ खोडून घेणार नाही.

या वेळी अक्षर मोठं काढीन.